खोडण्याआधीची खात्री

पाच ओळींचा एक मजकूर आहे. वर एक टिप्पणी, की हे साधं फंक्शन आहे. खाली त्या फंक्शनचं नाव 'हॅलो', आणि त्याला बाहेरून जे नाव मिळेल त्यासाठी 'लाँगनेम' हे पॅरामीटर. पोटात एकच काम: 'हॅलो' या शब्दापुढे मिळालेलं नाव जोडायचं आणि अलर्टच्या चौकटीत दाखवायचं. मग महिरपी कंस मिटतो आणि शेवटच्या ओळीत त्या फंक्शनला बोलावणं जातं, 'न्यू यूझर' हे नाव हातात देऊन. प्रोग्रामिंगच्या पहिल्या तासाला बसलेल्यालाही लिहिता येईल इतका हा मजकूर साधा आहे. गूगलच्या क्लोजर कंपायलरची ओळख करून देणाऱ्या मार्गदर्शिकेत तो येतो. कंपायलरच्या तीन पातळ्यांमधून तो एकेकदा नेला की त्याची तीन रूपं हाती येतात. ती शेजारीशेजारी ठेवून वाचणं मला एखाद्या जुन्या पोथीचे पाठभेद ताडून पाहण्याइतकं आनंदाचं वाटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. कंपायलर म्हटलं की माणसाने लिहिलेल्या प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारं साधन डोळ्यांसमोर येतं. क्लोजर कंपायलर जावास्क्रिप्ट घेतो आणि जावास्क्रिप्टच परत देतो. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठी ही भाषा घडवली तेव्हा तिने पानावर छोटीमोठी कामं करावीत एवढीच अपेक्षा होती. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आलं आणि अख्खी टपालपेटी ब्राउझरच्या एका पानात राहू लागली. या पानामागे प्रचंड कोड होता आणि तो सगळा तारेवरून वाचकाच्या यंत्रापर्यंत पोचल्याशिवाय पहिलं पत्रही उघडणार नव्हतं. जीमेल, डॉक्स, मॅप्स यांच्यासाठी गूगलमध्ये वापरात असलेला क्लोजर कंपायलर ५ नोव्हेंबर २००९ रोजी अपाचे परवान्याखाली सर्वांसाठी खुला झाला.

पहिलं रूप फक्त मोकळ्या जागा काढतं. टिप्पणी जाते, ओळी एकमेकींना चिकटतात, मिटणाऱ्या कंसाआधीचा अर्धविराम गळतो. इथे फार रेंगाळण्यासारखं काही नाही. हे काम करणारी साधनं आधीही होती.

दुसऱ्या रूपात मात्र थांबावं लागतं. इथे 'लाँगनेम' गेलं आहे आणि त्याच्या जागी 'ए' हे एकच अक्षर आलं आहे. पण फंक्शनचं 'हॅलो' हे नाव जसंच्या तसं आहे. दोन्ही नावं एकाच प्रोग्रामरने, एकाच फाइलमध्ये, एकाच ओळीत लिहिलेली. मग एक का गेलं आणि दुसरं का राहिलं? 'लाँगनेम' त्या फंक्शनच्या भिंतींच्या आत जन्मतं आणि तिथेच संपतं. बाहेरच्या कुणालाही ते दिसत नाही, म्हणून ते बदललं तर कुणाचंच काही बिघडत नाही. 'हॅलो' सर्वात वरच्या पातळीवर आहे. त्याच पानावरची दुसरी एखादी स्क्रिप्ट त्याला बोलावत असेल, किंवा एखाद्या बटणाच्या एचटीएमएलमध्ये त्याचं नाव लिहिलेलं असेल. कंपायलरसमोर ती स्क्रिप्ट नाही, ते बटणही नाही. जे आपल्याला दिसत नाही ते अस्तित्वात असेल असं धरून तो ते नाव राखतो.

मला या साधनाचं खरं सौंदर्य इथे दिसतं. लोक त्याचं कौतुक फाइल किती लहान झाली यावर करतात. मला वाटतं, त्याने काय राखलं आणि का राखलं हे पाहिलं तरच त्याच्या खोडण्याला किंमत येते. या पातळीवर तो एक हमीही देतो: व्याकरणदृष्ट्या शुद्ध असलेला कोणताही प्रोग्राम आधी जसा वागत होता तसाच नंतर वागेल. अट इतकीच, की त्या प्रोग्रामने आपल्याच आतल्या नावांना मजकूर म्हणून हात लावलेला नसावा. जावास्क्रिप्टमध्ये 'इव्हॅल' नावाची सोय आहे. एखादं वाक्य अक्षरांच्या माळेसारखं जुळवून ते तिथल्या तिथे चालवता येतं. अशा वाक्यात 'लाँगनेम' हा शब्द आला तर तो आता कुठेच सापडणार नाही. फंक्शनचाच मजकूर मागवून तो वाचणाऱ्या प्रोग्रामचंही तेच.

आता तिसरं रूप. कंपायलरच्या भाषेत ही 'अॅडव्हान्स्ड' पातळी. पाच ओळींमधून एकच वाक्य उरतं: अलर्ट, आणि कंसात 'हॅलो, न्यू यूझर'. फंक्शन नाही, पॅरामीटर नाही, जोडणीचं अधिकचिन्ह नाही.

हा चमत्कार एका झटक्यात झालेला नाही. कंपायलर प्रोग्रामचं झाड मांडतो आणि त्यावरून पुन्हा पुन्हा फिरतो; प्रत्येक फेरीला एक नेमून दिलेलं काम असतं. एका फेरीच्या लक्षात येतं की 'हॅलो' या फंक्शनला एकाच ठिकाणाहून बोलावलं आहे, म्हणून त्याचं पोट उचलून बोलावण्याच्या जागी ठेवता येतं. तसं झालं की पॅरामीटरला एकच किंमत उरते आणि तीही आधीच माहीत असते. मग शेजारी दोन अक्षरमाळा दिसतात, मधे अधिकचिन्ह. दोन्ही स्थिर, तेव्हा जोडणी आत्ताच करून टाकता येते. आता फंक्शनला कुणी बोलावत नाही, म्हणून ते जातं. यातली एकही पायरी हुशारीची म्हणावी अशी नाही. पण एका पायरीने दुसरीसाठी जागा मोकळी केली, दुसरीने तिसरीसाठी. बदलण्यासारखं काही उरत नाही तोपर्यंत मुख्य फेऱ्यांचं हे चक्र चालू राहतं. साध्यासुध्या नियमांच्या रांगेतून असा निकाल निघताना पाहणं हा माझ्या मते या क्षेत्रातला सर्वात निर्मळ आनंद आहे.

आणि 'अलर्ट' का राहिला? कारण तो माणसापर्यंत पोचतो. जगावर ज्याचा परिणाम होतो ते कंपायलर खोडू शकत नाही. त्या जागी एखाद्या कोनाची साइन काढून ती कुठेच वापरली नसती, तर ते अख्खं वाक्य गेलं असतं. साइन काढल्याने जगात काहीच बदलत नाही, हे कंपायलरला आधीच सांगून ठेवलेलं असतं. कुठलं फंक्शन शुद्ध, म्हणजे बाहेर काहीही न बदलणारं, आणि कुठलं तसं नाही, हे शोधण्यासाठी एक वेगळी फेरीच आहे.

ही विद्या वेबच्या कितीतरी आधीची. १९५७ मध्ये आयबीएममध्ये रुजू झालेल्या फ्रान्सेस अॅलन यांनी प्रोग्राम सुधारण्याच्या अशा रूपांतरांना शिस्त लावली, जॉन कॉक यांच्यासह त्यांची सूची मांडली. २००६ चा ट्यूरिंग पुरस्कार त्यांना मिळाला, आणि हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. प्रोग्राममधून माहिती कशी वाहते हे गणिताने मांडण्याची एकसंध रीत १९७३ मध्ये गॅरी किल्डॉल यांनी दिली. पुढे सीपी-एम ही ऑपरेटिंग सिस्टिम घडवणारे तेच हे किल्डॉल. माहितीच्या या प्रवाहाचा अभ्यास पवईच्या आयआयटीतही खोलवर झाला. उदय खेडकर, अमिताभ सान्याल आणि बागेश्री करकरे यांचा 'डेटा फ्लो अॅनालिसिस: थिअरी अँड प्रॅक्टिस' हा ग्रंथ २००९ मध्येच आला, म्हणजे क्लोजर कंपायलर खुला झाला त्याच वर्षी. ज्यांना या फेऱ्यांमागचं गणित मुळापासून समजून घ्यायचं आहे त्यांनी तो जरूर हाती घ्यावा.

मार्गदर्शिकेतलं दुसरं एक उदाहरण मला त्या पाच ओळींहून मोलाचं वाटतं. एका टिपणाचं शीर्षक पडद्यावर दाखवणारं छोटं फंक्शन आहे. फाइलमध्ये फक्त ते फंक्शन लिहिलेलं. त्याला बोलावणारी ओळ दुसरीकडे, पानाच्या एचटीएमएलमध्ये. ही फाइल एकटीच 'अॅडव्हान्स्ड' पातळीवर चालवली तर बाहेर येते ती रिकामी फाइल. एकही अक्षर नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, काहीतरी मोडलं. पण कंपायलरचं उत्तर अगदी बरोबर आहे. त्याच्यापुढे जे जग ठेवलं त्यात या फंक्शनची कुणालाच गरज नव्हती.

दुसऱ्या पातळीवर तो न दिसणाऱ्या जगाचा मान राखत होता. तिसऱ्या पातळीवर तो लेखकाला म्हणतो: सगळं जग माझ्यापुढे ठेव, जे ठेवणार नाहीस त्याची नावं तरी सांग, म्हणजे मी काय करू शकतो ते दाखवतो. हा करार आहे, आणि त्याची कलमं वाचण्यासारखी आहेत.

त्यातलं सर्वात सुंदर कलम अवतरणचिन्हाचं. जावास्क्रिप्टमध्ये टिपणाचं शीर्षक दोन प्रकारे मागता येतं: टिपण, टिंब, टायटल, किंवा टिपण, चौकटी कंस, आणि आत अवतरणात 'टायटल'. भाषेच्या दृष्टीने दोन्ही अगदी एक. प्रोग्रामर हाताला येईल ते लिहीत आले. क्लोजर कंपायलरने या निरर्थक फरकाला अर्थ दिला. टिंबाने लिहिलेलं नाव माझं, ते मी बदलीन. अवतरणात ठेवलेलं नाव तुझं, त्याला मी हात लावणार नाही. सर्व्हरकडून येणाऱ्या माहितीतली नावं, बाहेरच्या जगाला द्यायची नावं, ही सगळी अवतरणात जातात. एकच गुणधर्म एकदा टिंबाने आणि एकदा अवतरणाने लिहिला, तर एका जागी नाव बदलतं, दुसऱ्या जागी राहतं, आणि प्रोग्राम मोडतो. चूक अर्थातच लेखकाची धरली जाते. आणि याच्या पुढची गंमत अशी, की सगळं काम आटोपल्यावर कंपायलर ती अवतरणं आणि चौकटी कंस काढून टाकतो आणि तिथे टिंब ठेवतो, कारण टिंब लहान. शब्द पाळून झाला, आता खुणेची गरज उरली नाही. मार्गदर्शिकेतल्या, फुलांविषयीच्या एका टिपणाचं शेवटचं रूप पाहा: व्हेरिएबलचं नाव 'ए' झालेलं, आणि त्यापुढे टिंब देऊन पूर्ण 'टायटल'. मूळ पाठ माहीत नसेल तर ते 'टायटल' का टिकलं हे कळणारच नाही.

ब्राउझरची स्वतःची नावं, जशी 'डॉक्युमेंट' किंवा 'अलर्ट', यांचं काय? त्यासाठी 'एक्स्टर्न्स' नावाच्या फाइली असतात. त्यांत फंक्शनं असतात पण त्यांची पोटं रिकामी. फक्त नाव, घ्यायच्या गोष्टी आणि त्यांचे प्रकार. घरात आपण मुलाला पिंट्या म्हणू, बाळ्या म्हणू, पण रेशनकार्डावरचं नाव ज्याच्या त्याच्या मर्जीने बदलत नाही. एक्स्टर्न्स ही त्या रेशनकार्डावरच्या नावांची यादी. कंपायलरसोबत येणारा हा संग्रह वाचत गेलं तर ब्राउझरांचा इतिहासच समोर येतो. भाषेच्या जुन्यानव्या आवृत्त्यांच्या वेगळ्या फाइली, डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या मानकांच्या वेगळ्या, इंटरनेट एक्सप्लोररच्या वेगळ्या, गेको आणि वेबकिट या ब्राउझर-इंजिनांच्या वेगळ्या. ज्यांनी या ब्राउझरांच्या काळात पानं लिहिली त्यांना त्या फाइलींच्या नावांतूनही त्या वेळची भांडणं आठवतील.

अवतरणासारखाच टिप्पण्यांनाही नवा अर्थ मिळाला. प्रोग्राममधली टिप्पणी म्हणजे माणसाने माणसासाठी ठेवलेली चिठ्ठी; यंत्र ती वाचत नाही. क्लोजर कंपायलर वाचतो. एका ठराविक पद्धतीने सुरू होणाऱ्या टिप्पणीत लेखकाने लिहिलं, की हे पॅरामीटर संख्या आहे, हे फंक्शन अक्षरमाळा परत देतं, ही किंमत बदलणार नाही, तर तो ते साक्षीसारखं नोंदवून घेतो आणि प्रत्येक वापर त्या साक्षीशी ताडून पाहतो. जमलं नाही तर नेमकी ओळ आणि त्या ओळीतली जागा दाखवून बजावतो. ज्या भाषेत प्रकार लिहायची सोयच नव्हती तिला हे बाहेरून, तिच्या व्याकरणाला धक्का न लावता मिळालं. पुढे टिप्पण्या जातात; त्यांनी दिलेली माहिती कोडच्या आकारात उरते.

ही माहिती कशी कामाला येते ते पाहा. समजा एका वर्गाच्या वस्तूंना 'ड्रॉ' हा गुणधर्म आहे आणि दुसऱ्याच एका वर्गाच्या वस्तूंनाही 'ड्रॉ' आहे. एक वापरात, दुसरा नाही. नाव एकच असल्याने दोन्ही राखावे लागतील. एक फेरी प्रकारांच्या आधारे त्यांना वेगळी नावं देते आणि मग निरुपयोगी ठरलेला काढून टाकता येतो. त्यानंतर दुसरी एक फेरी नेमकं उलट करते: ज्या वर्गांचा परस्परांशी काहीच संबंध नाही, त्यांच्या वेगवेगळ्या गुणधर्मांना ती एकच आखूड नाव देते, कारण ते कधी एकमेकांसमोर येणारच नाहीत. आधी एका नावाची दोन नावं करायची, मग दोन नावांचं एक करायचं. दोन्ही बरोबर, कारण दोन्हींमागे एकच प्रश्न आहे: या दोन गोष्टींची गल्लत होण्याची वाट शिल्लक आहे का?

व्हेरिएबलच्या नावांसाठीही हाच प्रश्न विचारला जातो, आणि त्याचं उत्तर आलेखाला रंग देऊन काढलं जातं. एका फंक्शनमध्ये दहा व्हेरिएबल असतील, पण काहींचं काम दुसऱ्यांचं सुरू होण्याआधीच संपत असेल. ज्यांचं आयुष्य एकाच वेळी चालू असतं त्यांच्यामध्ये रेघ काढायची. रेघेने जोडलेल्या दोघांना एक रंग द्यायचा नाही. ज्यांना एक रंग मिळाला त्यांना एक नाव. यंत्रातल्या मोजक्या रजिस्टरांमध्ये किंमती बसवण्यासाठी आयबीएमच्या ग्रेगरी चेटिन यांनी १९८१ च्या सुमारास ही युक्ती कंपायलरमध्ये रुजवली. तिथे टंचाई रजिस्टरांची होती. वेबवर रजिस्टरचा प्रश्न ब्राउझरचा. इथे टंचाई एका अक्षराच्या नावांची. तीच कल्पना वेगळ्या दारिद्र्यावर इतकी चपखल बसलेली पाहून मन प्रसन्न होतं.

काही ठिकाणी हा कंपायलर मजकूर मुद्दाम वाढवतो, आणि ती ठिकाणं त्याच्या स्वभावाबद्दल जास्त सांगतात. एखादी अक्षरमाळा व्हेरिएबलमध्ये ठेवून पंचवीस ठिकाणी वापरली असेल, तर तो ती पंचवीसही ठिकाणी पुन्हा लिहू शकतो. फाइल फुगते. पण ही फाइल तारेवरून जाताना जीझिपने दाबली जाईल असं तो धरतो, आणि जीझिपमध्ये पुन्हा आलेली माळ पूर्ण लिहिली जात नाही, तिच्या मागच्या जागेकडे बोट दाखवलं जातं. पंचवीस आवृत्त्या तिथे जवळजवळ फुकटात पडतात. तसंच ओळींचं. सगळा प्रोग्राम एका ओळीत बसला असता, तरी तो सुमारे दर पाचशे अक्षरांनंतर ओळ तोडतो. कारण फार लांब ओळींच्या मोठ्या स्क्रिप्टा वाटेतले काही फायरवॉल आणि प्रॉक्सी बिघडवतात किंवा टाकून देतात. पाचशेमागे एक अक्षर त्या वाटेसाठी सोडलेलं आहे. लहान करणं हे ध्येय नाही. वाचकाच्या हाती वेळेवर आणि सुखरूप पडणं हे ध्येय आहे, आणि त्याच्या कर्त्यांना हे पक्कं ठाऊक होतं.

मराठीत काम करणाऱ्याला याचा अनुभव पहिल्याच दिवशी येतो. प्रोग्राममध्ये 'नमस्कार' लिहिलं आणि कंपायलरमधून काढलं, तर देवनागरी दिसेनाशी होते. प्रत्येक खुणेच्या जागी उलटी तिरपी रेघ, यू, आणि युनिकोडमधला तिचा चार अंकी क्रमांक येतो. न साठी ०९२८, क साठी ०९१५, र साठी ०९३०. 'नमस्कार' मध्ये हलन्त आणि काना धरून सात खुणा. यूटीएफ-८ मध्ये त्यांना एकवीस बाइट लागले असते, असं लिहिल्यावर बेचाळीस लागतात. पण या रूपातली फाइल फक्त अॅस्की अक्षरांची असते, आणि सर्व्हरने तिची लिपी चुकीची सांगितली, किंवा सांगितलीच नाही, तरी पडद्यावर 'नमस्कार' च उमटतो. ज्यांनी मराठी पानांवर प्रश्नचिन्हांच्या आणि चौकोनांच्या रांगा पाहिल्या आहेत त्यांना हा जादा खर्च रास्त वाटेल. आपला सर्व्हर चोख असेल तर कॅरसेटचा पर्याय यूटीएफ-८ ठेवावा. अक्षरं जशी लिहिली तशी राहतात. मी तोच पर्याय सुचवीन, कारण मराठी मजकूर भरपूर असेल तर फरक मोठा पडतो.

हे साधन घडवून चालवण्याचं काम मात्र फारसं काव्यमय नाही. ते जावा भाषेत लिहिलेलं आहे. पूर्वी ते अँट वापरून बांधत, मग मेव्हन आलं, आता बेझल. शेवटी एक जार फाइल मिळते, ज्यात ब्राउझरांच्या एक्स्टर्न्सही भरलेल्या असतात. जावाच्या आज्ञेने ती चालवायची, आत जाणाऱ्या फाइली सांगायच्या, बाहेर येणारी सांगायची. पातळी सांगितली नाही तर मधली, सौम्य पातळी लागू होते. तिसरी मागून घ्यावी लागते, आणि हे योग्यच आहे. तिसरी पातळी घेणाऱ्याने सगळ्या फाइली एकत्र द्याव्यात, इशाऱ्यांची पातळी वाढवावी आणि एकही इशारा न वाचता सोडू नये. चाचण्या मूळ कोडवर तर चालवाव्यातच, पण तयार झालेल्या फाइलवरही चालवाव्यात. कराराचा भंग झाला असेल तर तो तिथेच दिसतो, 'ए' किंवा 'बी' नावाची गोष्ट सापडत नाही अशा तक्रारीच्या रूपात. अशा वेळी डीबगचा पर्याय लावला की नावं आखूड न होता मूळ नावांना डॉलरचिन्हं जोडून येतात आणि कुठलं नाव कुठे बदललं ते वाचता येतं.

नेहमीच्या वापरात परतीची वाट सोर्स मॅपने मिळते. खोडलेल्या मजकुरातली प्रत्येक जागा मूळ मजकुरात कुठे होती याचा हा नकाशा. ब्राउझर तो वाचून प्रोग्रामरला त्याच्या मूळ ओळी दाखवतो. आज जवळपास प्रत्येक साधन असा नकाशा देतं. त्याचा जन्म क्लोजरच्याच घरात झाला: पहिलं स्वरूप जोसेफ शोर यांनी क्लोजर इन्स्पेक्टर या साधनासाठी तयार केलं, तिसरी आवृत्ती गूगलचे जॉन लेन्झ आणि मोझिलाचे निक फिट्झजेराल्ड यांनी मांडली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याला एक्मा-४२६ हे मानकाचं रूप मिळालं. इतक्या निष्ठेने नावं पुसणाऱ्यांनीच परतीच्या वाटेची सोय आधी करावी, हे मला फार आवडतं.

क्लोजरचा कडक करार मात्र फारसा पसरला नाही. २०११ मध्ये आलेली क्लोजरस्क्रिप्ट (ClojureScript) ही भाषा त्यावर उभी राहिली, कारण तिच्यातून निघणारा जावास्क्रिप्ट कोड यंत्र लिहितं आणि यंत्राला करार पाळणं जड जात नाही. बाकीच्यांनी अग्लिफाय, टर्सर, ईएसबिल्ड अशी सौम्य साधनं निवडली. त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. हजारो अनोळखी लोकांनी लिहिलेली पॅकेजं एकत्र आणणाऱ्या प्रकल्पात प्रत्येकाने टिंब आणि अवतरण यांचं भान राखावं अशी अपेक्षा कशी करणार? तरी मला हळहळ वाटते. आपल्याच प्रोग्रामकडे इतक्या बारकाईने पाहायला लावणारी शिस्त वेबवर पुन्हा फारशी आली नाही.

ज्यांना हे साधन वापरायचं नाही त्यांनीही त्याच्या चाचण्या वाचाव्यात असं मी आग्रहाने सांगेन. प्रत्येक फेरीसाठी वेगळी चाचणीफाइल आहे, आणि तिच्यात ओळींमागून ओळी: आत हे दिलं, बाहेर हे यावं. त्यांच्यामध्ये जागोजागी दुसऱ्या प्रकारची चाचणी असते, 'टेस्टसेम' नावाची. आत जे दिलं तेच बाहेर यावं, काहीही बदलू नये. या ओळींपाशी थांबून विचार करावा, की इथे हात का आखडला. क्ष अधिक शून्य म्हणजे क्ष, हे शाळेत शिकलो. पण क्ष ही '५' अशी अक्षरमाळा असेल तर जावास्क्रिप्टमध्ये उत्तर '५०' येतं, म्हणून तो शून्य काढता येत नाही. क्ष बरोबर क्ष ही तुलना नेहमी खरी असेल असंही नाही; 'संख्या नाही' अशी एक किंमत या भाषेत आहे आणि ती स्वतःशीही समान नसते. 'ट्रू' या चार अक्षरांच्या जागी उद्गारचिन्ह आणि शून्य चालतं, दहा लाख लिहायला एक, ई आणि सहा पुरतात. पण एक भागिले तीन हा भागाकार तसाच राहतो, कारण करून टाकला तर त्याचं उत्तर प्रश्नापेक्षा लांब होतं. आणि उत्तर दोनाच्या त्रेपन्नाव्या घाताच्या, म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढे जाणार असेल तर बेरीज-गुणाकार करायचेच नाहीत असा दंडक अशी स्थिर गणितं आधीच करून टाकणाऱ्या फेरीच्या कोडमध्ये घातलेला आहे, कारण त्या आकड्याच्या पलीकडे या भाषेतल्या पूर्णांकांचा हिशेब अचूक राहत नाही.